बाळाची हालचाल कमी झाली तर

दिवस भरत आलेले असताना पोटातच बाळ जातं, तेव्हा घराघरांत एकच सुरू होतं. ग्रहणात भाजी चिरली असेल, कुणाची नजर लागली असेल, नाहीतर सूनच कमनशिबी. ग्रहणाचा नि बाळाच्या जाण्याचा काही संबंध नाही. कधी डॉक्टरांनाही कारण सापडत नाही, पण बरेचसे धोके तपासणीत आधी कळतात.

पहिला रक्तदाब. तो 140/90 किंवा वर गेला तर वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडू शकतं. बाईला कधी काहीच जाणवत नाही, म्हणून मोजायलाच हवा. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वाढलेली साखर, अंगात रक्त कमी, मलेरिया, सिफिलिस यांनीही धोका वाढतो. आधी एकदा असं बाळ गेलं असेल तर लपवू नका, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

आता मिश्री. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," हे मी प्रत्येक गटात ऐकते. अहो, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच! मुंबईतल्या गरोदर बायांच्या अभ्यासात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण जास्त दिसलं. "सासूबाई लावत होत्या, त्यांना आठ लेकरं झाली," असंही कुणी म्हणतं. त्या आठांखेरीज किती गेली, ते कुणी मोजलं?

सातव्या महिन्यापासून कुशीवर झोपा. डावी-उजवी कुठलीही चालेल. मध्येच जाग आली नि उताण्या असलात तर घाबरायचं नाही, कूस बदलायची.

आणि हालचाल. "बाळ खाली सरकलं, जागा उरली नाही, म्हणून हलत नाही," असं जुन्या बायका सांगतात. ते खरं नाही. प्रत्येक बाळाची आपली एक सवय असते, ती आईलाच ठाऊक. रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर सकाळची वाट बघू नका. 108 किंवा 102 ला फोन लावा. काही नाही निघालं तर हसत घरी या, कुणी रागावणार नाही. रागावलं तरी रागावू दे.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. माहेरी जाताना तपासणीचं कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवा. दिलेली तारीख उलटली तर "येतील कळा" म्हणत बसू नका, दवाखान्यात दाखवा. आणि येत्या बैठकीत बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा: कुणाला सातवा-आठवा लागलाय, आणि रात्री गाडी कुणाची मिळेल.