गाडीतील नकाशा आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी यंत्राविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण अंगावर बेतलेली गोष्ट सांगायला शिक्षण लागत नाही, म्हणून उभी राहिले.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना नागपूरच्या दवाखान्यात न्यायचे होते. मंगरूळपीरहून निघून कारंज्याजवळ आम्ही समृद्धी महामार्गावर लागलो. नकाशा फोनमध्ये आणि फोन यांच्या मांडीवर. कुठे उतरायचे ते पाहण्यास यांनी मान खाली घातली, तोच पुढचा ट्रक मंदावला. ब्रेक दाबताच फोन घसरून पायांत गेला आणि ब्रेकच्या मागे अडकला. ब्रेक पुरता दबेना! यांनी कशीबशी गाडी बाजूला घेतली. मागून सासूबाईंनी विचारले, "काय झालं गं?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

दिवाळीला भाची आली. ती म्हणाली, "मामी, गाडीत समोर एवढा पडदा असताना फोन मांडीवर कशाला?" त्या पडद्यावर आम्ही फक्त भजने लावीत होतो! तिने तारेने फोन जोडला आणि नकाशा समोर आला. अँड्रॉइड फोनच्या या सोयीला अँड्रॉइड ऑटो म्हणतात, आयफोनच्या सोयीला कारप्ले. काही गाड्यांत तारेशिवायही जोडणी होते.

मग मीच ते शिकून घेतले. वाट शोधण्याचे काम फोनच करतो. पडदा ती दाखवितो आणि सूचना गाडीच्या स्पीकरमधून ऐकू येते. नुसत्या चार्जिंगच्या तारेने जोडणी होत नाही, माहिती वाहणारी तार लागते. खेड्यात रेंज जाते, म्हणून त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून ठेवावा. ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वी घालावे आणि तालुका-जिल्हा पाहून घ्यावा. आपल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर आहे, तसे धुळे जिल्ह्यातही आहे. नुसते नाव घातले, तर जैन मंदिराऐवजी खानदेशची वाट धराल!

मात्र नकाशा सांगेल ते सारे खरे मानू नये. यंदा पावसाळ्यात माहेरून परतताना त्याने जवळची वाट म्हणून पांदण दाखविली. वावरातल्या एका बाबांनी हात केला, "बाई, तिकडून जाऊ नका, नाल्याले पूर आहे." मी यांना म्हटले, "परत फिरा." सात-आठ किलोमीटरचा फेरा पडला, पण घरी सुखरूप पोहोचलो.

भगिनींनो, गाडीत आपण बहुधा चालकाच्या शेजारी बसतो. ठिकाण घालणे, फोन जोडणे, वाटेत काही बदलायचे झाल्यास गाडी थांबवायला लावणे, हे आपण करू शकतो. चालविणाऱ्याची नजर रस्त्यावर राहिली पाहिजे. आता आमच्या घरी फोन जोडल्यावाचून गाडी अंगणातून निघत नाही. सासूबाईच विचारतात, "जोडला का गं?"