वर्गातला वाद



वादविवाद म्हटला की आपल्याला आधी ढाल आठवते. ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक’ अशी सुरुवात, बाईंनी लिहून दिलेलं आणि आईनं घोकून घेतलेलं भाषण, आणि विषय अर्थातच ‘विज्ञान : शाप की वरदान’. समोरचा काय बोलला याच्याशी त्या भाषणाचा काडीचाही संबंध नसतो. दोन पाठांतरं एकामागून एक होतात आणि बाकीचा वर्ग टाळ्या वाजवतो. हे वक्तृत्व असेल, वाद नाही.

वाद व्हायचा तर विषय असा हवा, ज्यावर निर्णय घ्यावा लागतो. एक सुचवतो. गोदावरीच्या वरच्या धरणांतून पैठणजवळच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडावं का? जायकवाडीचा उपयुक्त साठा 15 ऑक्टोबरपर्यंत 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न दर वेळी उभा राहतो. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याच्या समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. या विषयात नकाशा आहे, आकडे आहेत, पिण्याचं पाणी, ऊस, द्राक्षबागा आहेत. नदीच्या कोरड्या पात्रात वाटेत मुरणारं पाणीही आहे. आता नाशिकच्या शाळेत नववीच्या वर्गात चिठ्ठ्या टाका. ज्याच्या घरची द्राक्षबाग आहे, त्याला पैठणच्या शेतकऱ्याची बाजू येऊ द्या. ती मांडायची तर त्याला ती आधी समजून घ्यावी लागेल. आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्षाला, म्हणजे प्रतिपक्षाच्या म्हणण्याला, ग्रंथात मानाची जागा दिली, ती याचसाठी.

यावर पालक विचारतात, मनात नसलेली बाजू मांडायला लावणं म्हणजे मुलांना खोटं बोलायला शिकवणं नाही का? शंका रास्त आहे. म्हणून मतदान करा, एकदा वादाआधी आणि एकदा नंतर, आणि तिथं प्रत्येकानं स्वतःचं मत द्यावं, वाट्याला आलेलं नाही. ज्यांचं मत बदललं त्यांना उभं करून विचारा, कोणत्या मुद्द्यामुळे बदललं. माझ्या मते सगळ्या तासातली ही सर्वांत मोलाची पाच मिनिटं.

आपल्याकडे तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा आणि पट साठाचा. दोन्ही बाजूंना तीन-तीन बोलणारे, प्रत्येकाला दोन मिनिटं पुरतात. एक नियम मात्र सोडू नका. उत्तर देण्याआधी प्रतिपक्षाचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा आणि त्यानं ‘हो, हेच म्हणालो’ असं म्हटल्यावरच खोडायचा. बसलेल्यांपैकी काहींनी मुद्दे टिपावेत, काहींनी आकडे तपासावेत, मग सगळ्यांनाच प्रश्न विचारायची मुभा असावी. घड्याळ आणि अध्यक्षपद मुलांकडे द्या. शिक्षकानं मागच्या बाकावर बसावं आणि गप्प राहावं. (हे शेवटचं सर्वांत अवघड, मी शिक्षक आहे, मला विचारा.)

भाषेचंही बोललं पाहिजे. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारं मूल ‘शुद्ध’ बोलता येणार नाही या धास्तीनं हातच वर करत नाही. मुद्द्याला गुण द्या, उच्चाराला नको. नाहीतर वाद त्याच चार मुलांचा राहतो.

न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी बोलणं तो वाद, जिंकण्यासाठी बोलणं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडणं ती वितंडा. टीव्हीवर रात्री नऊला मुलं दुसरा आणि तिसरा प्रकार बघतात. पहिला कुठं बघणार? संविधान सभेत. तिथं घटनेच्या मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी कामत, के. टी. शहा, कुंझरू अशा विरोध करणाऱ्या सभासदांचे नाव घेऊन आभार मानले. त्यांच्यामुळेच घटनेमागची तत्त्वं उलगडून सांगायची संधी मिळाली, असं ते म्हणाले. ते भाषण वर्गात वाचून दाखवा.

अभ्यासक्रम पुरा कसा होणार, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत निघेलच. जायकवाडीचा वाद हा भूगोल आहे, नागरिकशास्त्र आहे आणि मराठीही. वेगळा तास मागायची गरज नाही.

जूनमध्ये शाळा उघडतील. इथं बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, दिवाळीच्या सुट्टीआधी एका वर्गात एक वाद घडवा, ढालीशिवाय. आणि पालकांनो, त्या दिवशी मूल घरी येऊन तुमचंच म्हणणं खोडू लागलं, तर त्याला पुरतं बोलू द्या.