नानी अकरा दिवस गप्प का राहिली?

(बीड जिल्ह्यातील तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

ज्येष्ठांच्या आर्थिक फसवणुकीवर बोलायला मला सांगितलंय. मी काही सायबर तज्ज्ञ नाही. तालुक्याच्या गावी ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. पीक विमा, पेन्शन, शिष्यवृत्ती अशी कामं करते. म्हणून घरच्याच गोष्टीपासून सुरुवात करते.

माझी नानी 72 वर्षांची आहे. नानांच्या पेन्शनवर राहते. एके दिवशी तिला फोन आला. ‘बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी झालेलं नाही, संध्याकाळी खातं बंद होईल.’ त्यानं मोबाइलवर पाठवलेली फाइल नानीनं उघडली, आलेले आकडे वाचून दाखवले. अर्ध्या तासात 48,000 रुपये गेले. उमऱ्यासाठी साठवलेले पैसे होते ते.

नानी 11 दिवस कुणालाच काही बोलली नाही. बाराव्या दिवशी औषधाला पैसे उरले नाहीत, तेव्हा माझ्याकडे आली. मी विचारलं, ‘‘नानी, उसीच दिन कायकू नहीं बोले?’’ ती म्हणाली, ‘‘तू चिल्लाती ना.’’

ते खरंच होतं. महिनाभर आधी तिनं चुकीच्या नंबरवर रिचार्ज केला, तेव्हा मी चार गिऱ्हाइकांसमोर तिच्यावर ओरडले होते. चोरानं पैसे नेले, पण ते परत मिळवायची वेळ माझ्या त्या ओरडण्यानं गेली. कारण 1930 या नंबरवर लगेच तक्रार झाली, तर पैसे ज्या खात्यात गेलेत तिथेच ते गोठवता येतात. आम्ही फोन केला तोवर पैसे चार खाती फिरून काढले गेले होते.

आता आपल्या जिल्ह्याचं मोठं दुखणं बघा. ज्ञानराधा मल्टिस्टेट. बीडमध्ये मुख्यालय, गावोगावी शाखा. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे 12 ते 14 टक्के व्याजाचं आमिष दाखवून ठेवी घेतल्या आणि सुमारे 2,467 कोटी रुपये कर्जाच्या नावाखाली कुटे ग्रुपच्या कंपन्यांकडे वळवले. अध्यक्ष सुरेश कुटे यांना जून 2024 मध्ये पोलिसांनी अटक केली. प्रकरण न्यायालयात आहे, निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण निवृत्तीचे, जमीन विकून आलेले, मुलीच्या लग्नाचे पैसे अडकलेली म्हातारी माणसं आज तुमच्या-माझ्या गल्लीत आहेत.

आपल्या समाजात या दुखण्याला आणखी एक पदर आहे. ज्यांनी व्याजासाठी ठेव ठेवली, ते बोलत नाहीत, कारण ‘सूद खायला गेला आणि मुद्दलही गेलं’ असा टोमणा ऐकावा लागतो. आणि ज्यांना व्याज नको होतं, त्यांच्यासाठी ‘हलाल नफा’ घेऊन कुणीतरी तयारच असतं. बेंगळुरूच्या आयएमएनं हेच केलं. 2019 मध्ये तिचा संस्थापक देश सोडून गेला आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत बुडाली. धंदा खरा आहे का, हिशेब कोण तपासतं, हे विचारण्याऐवजी लोकांनी माणसाची दीनदारी बघितली.

आणि एक कडू गोष्ट. फसवणारा नेहमी दूर कुठेतरी बसलेला नसतो. माझ्या केंद्रावर नातू दादीला घेऊन येतो, मशीनवर तिचा अंगठा लावतो, निराधार योजनेचे पैसे काढतो आणि आपल्या खिशात घालतो. दादी विचारते, ‘‘कित्ते आये रे?’’ तो आकडा कमी सांगतो. आता मी पैसे दादीच्याच हातात मोजून देते. त्यामुळे दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

मग आपण करायचं काय?

पहिलं, ओरडायचं नाही. आपण स्वतः कुठं फसलो ते घरात आधी आपण सांगायचं. फसलेला माणूस मूर्ख नसतो. त्याला घाबरवलेलं असतं किंवा त्याच्या विश्वासाचा फायदा घेतलेला असतो.

दुसरं, 1930 हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घरात भिंतीवर लावा. पैसे गेले की आधी तो फोन, मग बँक. ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातील त्यांची जबाबदारी बँकेची असते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून एकेक मिनिट महत्त्वाचं.

तिसरं, ठेव ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारा. ही बँक आहे की पतसंस्था? बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँकेतसुद्धा. पतसंस्थेला, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला तो विमा नाही. पाटीवर नाव कितीही मोठं असो.

चौथं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. लागेल तेव्हा उघडायचं, काम झालं की बंद. पण हे त्यांना विचारून, समजावून करा. काळजीच्या नावाखाली त्यांचं पासबुक आणि मोबाइल काढून घेऊ नका. पैसा त्यांचा आहे, निर्णयही त्यांचाच.

आपल्याकडे ऊसतोडीला जोडपी कारखान्यावर जातात. सहा-सहा महिने घरी म्हातारी माणसं, लहान मुलं आणि एक मोबाइल. त्या घरांत बाहेरून विचारपूस करणारं कुणी नसतं. प्रत्येकानं आपल्या गल्लीतली अशी पाच घरं घ्या. आठवड्यातून एकदा जा, चहा प्या, कुणाचा फोन आला होता का विचारा.

नानीचे 48,000 परत आले नाहीत. पण मागच्या महिन्यात तिला पुन्हा एक फोन आला, ‘पोलिसांतून बोलतोय’ म्हणून. तिनं तो कापला आणि लगेच मला लावला. ‘‘मैं कुछ नहीं बोली उसको,’’ म्हणाली, आणि मग थोडं थांबून, ‘‘बरोबर किया ना मैंने?’’

आज घरी गेल्यावर तुमच्या नानीशी, दादाजींशी एवढं बोला. ‘काही झालं तर मला सांगा, मी ओरडणार नाही.’ आणि मग खरंच ओरडू नका.