तरणतलाव, विहीर आणि क्लोरीन

(पाथरी येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



२०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात चक्रीवादळ आले आणि तरणतलावांसाठी क्लोरीनच्या गोळ्या बनविणारा एक मोठा कारखाना त्यात जळाला. महामारीने घरी बसविलेल्या सुखवस्तू कुटुंबांनी त्याच सुमारास परसदारी तलाव बांधून घेतले होते. पुढल्या उन्हाळ्यात गोळ्यांचे भाव कडाडले आणि तलाव उघडावा कसा, ही तिकडे मोठी चिंता होऊन बसली. पाथरीकरांना याचे हसू येईल. इकडची पोरे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. परंतु विहिरीचे पाणी पिण्याजोगे करणारे द्रव्यही क्लोरीनच आहे.

हिशेब साधा आहे. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात ७५ हजार लिटर पाणी मावते. बंद तलाव उघडताना लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीन दिले, तर ३० टक्के कसाची अडीच किलो ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावच्या बोलीतली टीसीएल, एका दिवसात खर्ची पडते. पिण्याच्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम पुरते. म्हणजे तेवढ्याच पावडरीत १० लाख लिटर पाणी शुद्ध होते. माणशी ५५ लिटर धरले तर १८ हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी!

बाजाराला हा हिशेब कळत नाही. ज्याची ऐपत त्याचा माल, एवढाच त्याचा न्याय. तलावातील क्लोरीनचा लाभ मालकाला मिळतो. विहिरीतल्या क्लोरीनचा लाभ छदामही न देणाऱ्या शेजाऱ्याला मिळतो, कारण पटकीचा एक रोगी टळला की दहा घरे वाचतात. शिवाय मागणी वाढली म्हणून उत्पादन लगेच वाढत नाही. मिठाच्या द्रावणातून वीज खेळविली की कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन जोडीनेच निघतात. कॉस्टिकचा खप मंदावला की क्लोरीनही कमी निघते. तेव्हा टंचाईत आधी कोणाला, हे समाजानेच ठरविले पाहिजे. ते ठरविता येते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावलेच होते.

तथापि सारा दोष भांडवलदाराच्या माथी मारून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नाही. ऊन आणि ओल लागली की टीसीएलचा कस उडतो. तोंड उघडे टाकलेले पोते मराठवाड्याचा उन्हाळा सोसते आणि पावसाळ्यात, ऐन गरजेच्या वेळी, विहिरीत पडते ती निःसत्त्व पांढरी भुकटी. नोंदवहीत मात्र पाणी शुद्ध! कारखाना न जळताही टंचाई घडविता येते ती अशी.

म्हणून तहसिलीवर निवेदन नेण्याआधी कार्यकर्त्याने गावातले पोते पाहावे. ते बांधलेले, कोरड्या सावलीत आहे काय? विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजून मात्रा ठरते, की मुठीने? पावडर टाकल्यावर तासभर थांबतात काय? आणि ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळी छटा पाहायची ती सरपंचाच्या दारच्या नळावर नव्हे. नळ जिथे संपतो त्या शेवटच्या वस्तीत. ती वस्ती बहुधा कोणाची असते, हे या सभेला सांगायला नको.