लोकप्रतिनिधी गावात येतो तेव्हा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

विधिमंडळाचे अधिवेशन संपले की आमदार मतदारसंघात परततात. संसदेचे सत्र संपले की खासदार परततात. दुसऱ्या दिवसापासून दौरे सुरू होतात. एका गावी समाजमंदिराचे भूमिपूजन, दुसऱ्या गावी काँक्रीटच्या रस्त्याचे उद्घाटन, तिसऱ्या गावी सत्कार, वाटेत दोन लग्ने आणि एक सांत्वनभेट. सायंकाळी संपर्क कार्यालयात गर्दी जमते. कोणाला बदली हवी असते, कोणाला इस्पितळात खाट, कोणाची निराधार योजनेची रक्कम थांबलेली असते. दूरध्वनी फिरतात, पत्रे लिहिली जातात, आणि रात्री उशिरा लोकप्रतिनिधी ‘लोकांत राहणारा माणूस’ या समाधानाने झोपी जातो.

या साऱ्यात खोटे असे काही नाही. ज्याचे काम झाले त्याचे समाधान खरे असते. परंतु या दौऱ्यांनी सार्वजनिक व्यवस्थेत काय बदलते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे. लोकप्रतिनिधीच्या भेटीचे मोल किती हार पडले यावर ठरत नाही. त्या भेटीतून एका माणसाची अडचण सर्वांच्या हक्कात रूपांतरित झाली की नाही, यावर ते ठरते.

भेटीचे दोन प्रकार असतात. पहिला दरबाराचा. तेथे माणूस अर्ज घेऊन येतो आणि उपकार घेऊन जातो. ज्याचे आमदाराशी नाते, जात किंवा गट जुळतो त्याला खाट मिळते. ज्याचे जुळत नाही तो इस्पितळाच्या ओसरीवर पडून राहतो. खाटांची संख्या मात्र तेवढीच राहते. दुसरा प्रकार गावभेटीचा. तेथे लोकप्रतिनिधी स्वतः आरोग्य केंद्रात, शाळेत, रेशन दुकानात, तलाठ्याच्या सज्जावर जातो, काय तुटले आहे ते पाहतो आणि ते सभागृहात नेतो. पहिल्या प्रकारात लोकांचे मायबाप होणे आहे, दुसऱ्यात त्यांचे प्रतिनिधी होणे.

तिसराही एक प्रकार अलीकडे रूढ होत आहे, आणि तो अधिक घातक आहे. 2023 च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. सारे राज्य हादरले. त्यानंतर एक खासदार तेथे भेटीस गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करावयास लावले. त्याचे चित्रण घरोघरी पाहिले गेले. पाहणाऱ्यांपैकी काहींना ते न्यायाचे वाटले. पण त्या झाडूने औषधांचा पुरवठा वाढला नाही, रिक्त पदे भरली गेली नाहीत, नवजात कक्षाची क्षमता वाढली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा चर्चा आली ती मनुष्यबळ, औषधखरेदी आणि तरतूद या मुद्द्यांवर. हे तिन्ही मुद्दे विधिमंडळाच्या अखत्यारीतील होते. लोकप्रतिनिधीने कर्मचाऱ्याचा अपमान करणे फार सोपे आहे. वैद्यकीय शिक्षण खात्याच्या मागण्यांवर कपात सूचना देऊन मंत्र्याला उत्तर द्यावयास लावणे कठीण. सोप्या मार्गाला टाळ्या पडतात म्हणून कठीण मार्ग ओस पडला आहे.

भेटीचे स्वरूप बिघडण्यामागे स्थानिक विकास निधीचाही मोठा वाटा आहे. खासदारांसाठी ही योजना 1993 च्या डिसेंबरमध्ये आली. पुढे रक्कम वाढत जाऊन 2011-12 पासून ती वर्षाला 5 कोटी रुपये झाली. राज्यात आमदारांसाठीही अशी योजना आहे. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. पंचायतींना घटनात्मक स्थान देणारी 73 वी दुरुस्ती अमलात आली तीही 1993 च्या एप्रिलमध्येच. एका हाताने गावच्या कामांचा अधिकार पंचायतीला दिला आणि आठ महिन्यांत दुसऱ्या हाताने त्याच कामांची थैली खासदाराच्या स्वाधीन केली! घटना पुनर्विलोकनासाठी नेमलेल्या आयोगाने 2002 साली आणि दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 साली हा निधी बंद करण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली योजना घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. घटनेच्या कसोटीवर ती टिकली. लोकशाहीच्या कसोटीचा निकाल मात्र मतदारांनीच द्यावयाचा आहे.

खासदारनिधीतून टिकाऊ मालमत्ता उभी करता येते, पगाराचा खर्च भागवता येत नाही. म्हणजे खोली बांधता येते, शिक्षक नेमता येत नाही. रुग्णवाहिका घेता येते, चालकाचा कायम पगार देता येत नाही. भिंतीवर नावाची पाटी लागते आणि आत खुर्ची रिकामी राहते. सार्वजनिक सेवा माणसांच्या बळावर चालते. त्या माणसांची तरतूद अर्थसंकल्पात होते, आणि अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर चर्चा करणे हे लोकप्रतिनिधीचे मूळ काम आहे. नारळ फोडण्यात दिवस गेला की त्या कामास वेळ उरत नाही.

मित्रहो, महाराष्ट्राला याहून निराळी परंपरा आहे आणि ती एकाच पक्षाची नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे काँग्रेसचे. ग्रामीण मजुराला काम मागण्याचा हक्क असावा, ही त्यांची कल्पना. 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर भागात त्याचा प्रयोग झाला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे खडी फोडत होती. श्रमिकांच्या संघटनांनी मोर्चे काढले, विरोधी पक्षांनी सभागृह गाजवले. 1975 साली शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, त्याचा पैसा खेड्यातील मजुरीकडे वळवला गेला. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. एका तालुक्यात पाहिलेल्या बेकारीतून राज्याचा कायदा निघाला, आणि 2005 च्या केंद्रीय कायद्याने त्याच वाटेवर पाऊल टाकले. पागे यांनी विसापुरात चार माणसांना ओळखीने काम लावून दिले असते, तर ती चार घरे त्यांचे नाव घेत राहिली असती. दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखोंच्या पदरी मात्र हक्क पडला नसता.

मृणाल गोरे यांचे उदाहरण शहरातील. 1961 साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. गोरेगावच्या वस्त्यांत बायकांचा दिवस नळाच्या रांगेत संपत असे. त्या वस्त्यांत त्यांनी टँकर वाटले नाहीत. बायकांना हंडे घेऊन महापालिकेच्या दारी नेले आणि पाणी हा वस्तीचा अधिकार आहे हे मान्य करवून घेतले. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते त्यामुळे. 1972 साली त्या विधानसभेत गेल्या आणि त्याच वर्षी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्या आघाडीत अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट पक्षाच्या, तर मृणालताई समाजवादी. रेशनच्या रांगेत पक्ष वेगळे नसतात, हे दोघींनाही ठाऊक होते.

गणपतराव देशमुख यांची गोष्ट दुष्काळी माणदेशातील. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव 1962 साली सांगोल्यातून प्रथम निवडून आले आणि एकूण 11 वेळा विधानसभेवर गेले. एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून ते ओळखले जात. हे साधेपणाचे कौतुक बरोबरच आहे. पण त्यातील राजकीय अर्थ अधिक महत्त्वाचा. जो आमदार एसटीने जातो त्याला गाडी वेळेवर सुटत नाही हे कोणी सांगावे लागत नाही. सार्वजनिक सेवेची परीक्षा तिच्या उपभोक्त्याइतकी दुसरा कोणी करू शकत नाही. ज्याची मुले खाजगी शाळेत, आजार खाजगी इस्पितळात आणि प्रवास खाजगी मोटारीत, तो सरकारी सेवेची पाहणी करतो ती परक्या मुलखातील पाहुण्यासारखी.

पाण्याच्या बाबतीतही त्यांनी सांगोल्यापुरता हात पसरला नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णेचे पाणी 13 दुष्काळी तालुक्यांना मिळाले पाहिजे ही मागणी तेथे मांडली गेली. गणपतराव त्या व्यासपीठावर होते आणि सभागृहातही होते. शेजारच्या तालुक्याशी पाण्यावरून भांडणारा आमदार लोकप्रिय होतो. तेरा तालुक्यांना एका मागणीत बांधणारा शासनाला धोरण बदलावयास लावतो.

परंतु असे काम केले की निवडणूक आपोआप जिंकता येते, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. गणपतराव 1972 आणि 1995 साली पराभूत झाले. कोकणात बॅ. नाथ पै यांनी 1957 पासून राजापूरचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्यानंतर 1971 पासून प्रा. मधु दंडवते यांनी. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या त्या प्रदेशाला रेल्वे हवी, हा आग्रह दोघांनी धरला. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, 1991 च्या निवडणुकीत, दंडवते राजापुरातून हरले. 26 जानेवारी 1998 रोजी रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. त्या गाडीत बसणाऱ्याला कोणाची चिठ्ठी लागत नाही, तिकीट पुरते. सार्वजनिक सेवेचे खरे लक्षण हेच. ती ज्याने मिळवून दिली त्याचे नाव प्रवाशाला ठाऊक नसले तरी तिला बाध येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. ज्याच्या घरी आज माणूस अत्यवस्थ आहे, त्याला कायद्याची वाट पाहा असे कसे सांगावे? तसे सांगूच नये. त्याला आज खाट मिळवून द्यावी. पण त्याचे नाव, गाव आणि अडचण वहीत नोंदवावी. महिनाअखेर ती वही उघडली तर शंभर चिठ्ठ्यांत चाळीस एकाच तक्रारीच्या निघतील. ती तक्रार मग एका घराची राहत नाही. वशिल्याच्या चिठ्ठीचे तारांकित प्रश्नात रूपांतर होते ते त्या वहीत.

म्हणून गावभेटीची शिस्त ठरवावी लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीच्या भागात 30 हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येमागे असावे, असा निकष आहे. भेटीस जाणाऱ्याने आधी पाहावे, की आपल्या तालुक्यात तो पाळला गेला आहे काय, मंजूर पदे किती, भरलेली किती. शाळेत गेल्यास पट विचारावा. 2023 साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. त्या वेळी वाडीवरच्या सात वर्षांच्या मुलीने ओढा ओलांडून किती चालावयाचे, हे मोजायला जो लोकप्रतिनिधी गेला असेल तोच त्यावर बोलण्यास पात्र. तहसील कचेरीत 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यान्वये मुदतीचा फलक लागला आहे काय आणि दाखले त्या मुदतीत मिळतात काय, हे रांगेत उभ्या असलेल्यांना विचारावे. परिचारिकेशी, शिक्षकाशी, एसटीच्या वाहकाशी त्यांच्या वरिष्ठांना दूर ठेवून बोलावे. यंत्रणा कोठे मोडली आहे हे तेच प्रथम जाणतात.

भेटीचा शेवट ग्रामसभेत व्हावा आणि पुढचा प्रारंभही तेथेच. अधिवेशनात कोणता प्रश्न विचारला, कोणती लक्षवेधी लावली, मंत्र्याने कोणते आश्वासन दिले आणि ते आश्वासन समितीपुढे कोठवर आले, याचा हिशेब लोकांसमोर वाचून दाखवावा. 2022 पासून कित्येक जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, प्रशासकांचा कारभार चालला, आणि गावच्या गटारापासून सारे ओझे आमदाराच्या दारी येऊन पडले. त्या काळात दरबार फोफावले. स्थानिक स्वराज्य दुबळे झाले की दरबार बळावतो, हा त्यातील धडा आहे. आमदाराने पंचायतीचे काम हिरावून घेऊ नये. पंचायतीला तिचे अधिकार व पैसा मिळवून द्यावा.

कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधी गावात येतो तेव्हा कमान उभारण्याऐवजी त्याच्यासाठी यादी तयार ठेवा: रिक्त पदांची, बंद नळांची, थकलेल्या मजुरीची. त्याला आरोग्य केंद्राच्या बाकावर बसवा आणि सभागृहात काय केले ते विचारा. तो स्वपक्षाचा असेल तर अधिक कठोरपणे विचारा. लोक मागणे सोडून विचारू लागले की दरबार आपोआप ओस पडतील, आणि लोकप्रतिनिधीला गावभेटीवाचून गत्यंतर राहणार नाही.