हर्णैला एक दिवस



दापोलीला लांबलांबचे पर्यटक येतात ते थंड हवेसाठी. आपण खेडकडच्या बायका तिथे जातो ते दवाखान्यात, नाहीतर बँकेत. दापोलीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर हर्णै बंदर आहे. आमच्या गटातल्या बारा जणींपैकी सात जणींनी ते पाहिलंच नव्हतं.

लग्न, बारसं, दहावं असलं की आपल्याला घराबाहेर पडता येतं. नुसतं बघायला जाते म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "काम काय?" एकीच्या सासूबाईंनी तर "तिथं काय ठेवलंय?" असं विचारून विषयच संपवला. मग आम्ही त्यांनाच बरोबर घेतलं! त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे, म्हणून त्यांना एसटी फुकट. आणि आपल्याला १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. गटाच्या बचतीला हात लावला नाही. चार महिने दर बैठकीला प्रत्येकीने वीस रुपये बाजूला टाकले. भाकऱ्या घरच्या नेल्या.

दिवस ठरवताना कालनिर्णय बघा. तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, दुपारी सव्वादोनला ओहोटी. सुवर्णदुर्ग भर समुद्रात आहे, होडीने जावं लागतं. जायचं असेल तर तिथल्या होडीवाल्याला विचारूनच जा, आणि जाकीट अंगात घातल्याशिवाय बसू नका. आम्ही गेलो नाही. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर दीपगृह आहे, तिथून सुवर्णदुर्ग समोर दिसतो. तिथे वाऱ्यात पदर सावरत सासूबाई म्हणाल्या, "साठ वर्षं सुकट खाते, समुद्र आज बघितला." कुणीच काही बोललं नाही.

खरं बघायचं ते संध्याकाळी, लिलावाच्या वेळी. चारच्या पुढे बंदरावर माणसांची दाटी होते. मोठ्या बोटी आत पाण्यात उभ्या राहतात. मासळी छोट्या होड्यांतून आणि चक्क बैलगाड्यांतून किनाऱ्याला येते. गुडघाभर पाण्यात शांत उभे असलेले बैल मी पहिल्यांदाच पाहिले. वाळूत कोळंबी, बांगडा, सुरमई यांचे ढीग लागतात आणि बोली सुरू होते. ती इतकी भरभर चालते की आपल्याला आकडा कळेपर्यंत माल उचललेला असतो.

त्या गर्दीत आमच्या वाडीत टोपली घेऊन येणारी मावशी दिसली. पुरुषांच्या घोळक्यात खांदा घालून ती बोली लावत होती. दोन ढीग हातचे गेले, तिसरा मिळाला. मग बर्फ घेतला, टेम्पोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाली, "रात्री घरी जायचं, पहाटे तुमच्याकडे यायचं. उरलं तर खारवायचं." आमच्यातली एक जण दर वेळी तिच्याकडून दहा रुपये कमी करून घेते. ती त्या दिवशी सगळ्यांच्या मागे उभी होती.

मासळी घ्यायची असेल तर कल्ले लालभडक आणि डोळे स्वच्छ असलेली घ्या. लांब जाणाऱ्यांनी सोडे किंवा जवळा घ्यावा, मात्र हातात घेऊन बघा. ओलसर लागला तर घरी जाईपर्यंत वास मारेल. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव बघायला जाऊ नका. रविवारही टाळा, पर्यटकांमुळे भाव चढतो.

आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी दापोली डेपोत उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. लिलाव ऐन रंगात येतो, नेमकी तेव्हाच निघायची वेळ होते.