त्राटिकेची हार



वैशाखाच्या या दिवसांत, ज्या गावाच्या उन्हाळ्याची कीर्ती अवघ्या महाराष्ट्रात आहे त्या भुसावळात, दिवसभर तापलेल्या भिंती अजून झळा टाकीत असताना आपण इतक्या संख्येने येथे आलात, याबद्दल आपले आभार मानून मी विषयास हात घालतो. पत्रिकेवर ‘शेक्सपिअरची सुखात्मिका’ असे भारदस्त शीर्षक छापले आहे. मला मात्र एकाच नाटकाविषयी, आणि त्यातही एकाच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. ती गोष्ट अशी की, प्रणय हा शब्दांच्या दोन अर्थांमध्ये घडतो, आणि ज्या दोघांना एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच क्षणी ऐकू येतात त्यांचीच सोयरीक खरी जुळली, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. (हशा)

नाटक ‘त्राटिका’. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’चे मराठी रूपांतर केले, शाहूनगरवासी मंडळीने ते रंगभूमीवर आणले, आणि गणपतराव जोशी यांचा प्रतापराव व बाळाभाऊ जोग यांची त्राटिका यांनी ते महाराष्ट्रात गाजविले. थोरली मुलगी कजाग म्हणून धाकटीचे लग्न अडलेले, मग एक बहाद्दर येऊन थोरलीस वरतो व ‘माणसाळवितो’, हे कथानक आपणांस ठाऊक आहेच. त्यात मी वेळ दवडीत नाही. मूळ नाटकात बाप-जावयांच्या याद्या कशा होतात तेवढे मात्र ध्यानात ठेवा. रोख 20,000 क्राउन आणि सासऱ्याच्या पश्चात निम्मी जमीन, हा ठराव मुलीचे तोंड पाहण्यापूर्वीच पक्का होतो. आणि धाकटीच्या बाबतीत तर दोन उमेदवारांत बाप उघड लिलाव मांडतो.

केळकरांनी नायिकेस जे नाव दिले ते पाहा. रामायणातील त्राटिका ही राक्षसी. विश्वामित्रांच्या आज्ञेने रामाने तिचा वध केला, आणि घरोघरी तोंडाळ बाईस हेच नाव पडले. म्हणजे मुलीने अजून तोंड उघडलेले नाही तोच नावानेच तिच्या अपराधाचा जाबजबाब व शिक्षा दोन्ही नोंदविली आहेत. आणि काळ कोणता? 1887 साली मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईस नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद भोग, असा हुकूम दिला होता आणि ती बाई कैद पत्करावयास निघाली होती. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला व त्यावरून पुण्यात केवढे रण माजले! त्याच दशकात थिएटरांतून एक पुरुष लुगडे नेसून नवऱ्याशी शब्दास शब्द भिडवीत होता, आणि प्रेक्षक टाळ्या पिटीत होते. त्या टाळ्या सगळ्याच प्रतापरावाच्या वाट्याच्या होत्या, हे मला मान्य नाही.

नायक-नायिकेची पहिली भेट घ्या. तो तिला गांधीलमाशी म्हणतो. ती म्हणते, मग नांगी सांभाळा. नांगी कोठे असते यावरून गोष्ट शेपटीपर्यंत येते, ती म्हणते जिभेत असते, आणि इंग्रजीत ‘टेल’ हा एकच उच्चार शेपटीचाही व गोष्टीचाही असल्यामुळे पुढली चकमक अशी काही पेटते की, कोणी कोणाचा शब्द पकडला याचा हिशेब राहत नाही. बापाच्या घरात इतकी वर्षे तिचा शब्द उचलून परत फेकणारे कोणीही नव्हते. सगळे कानांवर हात ठेवून पळणारे. आज प्रथमच कोणीतरी तिचे बोलणे नीट ऐकतो आहे.

आता असला श्लेष भाषांतरात येत नाही. भाषांतर करणाऱ्यास आपल्या भाषेच्या खाणीतून दुसरा काढावा लागतो. आपल्याकडे ती खाण रिकामी नाही. शक्ती थोर म्हणणारा कलगीवाला आणि शिव थोर म्हणणारा तुरेवाला रात्रभर डफावर भांडले ते याच बळावर. पण त्याहून जवळचे उदाहरण देतो. रावेर तालुक्यात, तापीकाठच्या एका गावी, एका लग्नास मी गेलो होतो. नवरदेव रेल्वेत गार्ड. (टाळ्या) टाळ्या कोठून आल्या ते मी ओळखले. जेवणाच्या पंगतीत घास भरविताना नाव घेण्याचा आग्रह झाला. मुलगी सावळी, किडकिडीत, मुंडावळ्यांची एक लड कानाशी अडकलेली; हातात जिलबीचा तुकडा, आणि त्याचा पाक मनगटावर ओघळलेला. तिने मान वर करून म्हटले (नाव मी गाळतो):

मांडवात लागली पैज, कोणाच्या वाट्याला हार?
…रावांच्या गळ्यात बघा, मग करा विचार.

पंगत क्षणभर गप्प झाली. मग नवरदेवाचे मामा, पत्रावळीवरचा हात तसाच ठेवून, म्हणाले, “सूनबाई, गळ्यात पडला का पडली, तेवढं सांगून टाका.” ती म्हणाली, “ज्यांच्या गळ्यात आहे त्यांना विचारा.” आणि तो गार्ड, ज्याच्याकडून तोवर मी चार शब्दही ऐकले नव्हते, म्हणाला, “घातला तिनं, पत्करली मी.” (प्रचंड हशा व टाळ्या)

पाहा, सभ्य गृहस्थहो! ‘हार’ पुल्लिंगी असला की फुलांचा, स्त्रीलिंगी झाली की पराभवाची. शब्द तोच, लिंग पालटताच अर्थ पालटतो. बाळाभाऊ जोग रंगभूमीवर जे करीत होते ते याहून वेगळे काय होते? शेक्सपिअरच्या काळीही स्त्रीभूमिका मुलगेच करीत; त्या नाटकाच्या आरंभी तर एका दारुड्यास उमराव असल्याचे भासवून, एका पोरास बायकोचे सोंग देऊन त्याच्या शेजारी बसवितात, आणि मग अवघे नाटक त्या जोडप्यापुढे होते. नवरा सोंग, बायको सोंग!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत. दुसरी चिठ्ठी भगिनींच्या बाजूने आली आहे, ती वाचतो: “उपाशी ठेवलेल्या बाईला शब्दांचे दोन अर्थ सुचतात का?” (टाळ्या)

नाही, सुचत नाहीत. ‘माणसाळविण्या’साठी नवरा तिचे अन्न आणि झोप तोडतो, तो जुलूम आहे, मग तो विनोदाच्या नावाखाली असो की प्रेमाच्या, आणि त्याची वकिली मी करणार नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या भगिनींशी माझा या मुद्द्यावर वाद नाही. माझे म्हणणे त्यापुढले आहे. माहेरच्या वाटेवर तो सूर्यास चंद्र म्हणतो, ती थकून ‘बरे, चंद्र’ म्हणते. येथवर ती हरलेली आहे, कबूल. पण लगेच वाटेत एक म्हातारा भेटतो, नवरा त्याला तरुण स्त्री म्हणून नमस्कार करावयास सांगतो, आणि ती नुसता नमस्कार करून थांबत नाही. त्या म्हाताऱ्यास उमलती कुमारिका म्हणून गौरविते, ज्याच्या वाट्याला ही येईल तो पुरुष भाग्यवान, असे म्हणते, नवऱ्याने एक पायरी सांगितली तर ती चार चढते. हुकूम पाळणारी बाई इतकी पुढे जात नाही. खेळ समजलेली जाते. आता पुरुषास स्त्री म्हणण्याचा हा खेळ खुद्द लुगडे नेसलेला पुरुष खेळतो आहे, हे डोळ्यांपुढे आणा म्हणजे त्या प्रवेशातला आनंद कळेल.

पुन्हा चिठ्ठी. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील पुरुषवेषधारी व्हायोला, बालगंधर्वांचे जळगावातले दिवस, ही टिपणे मी बाजूस ठेवतो, काही मंडळींस गाडी गाठावयाची आहे. एवढेच सांगतो. शेवटच्या अंकात पैज लागते आणि ती पतीच्या पायाखाली हात ठेवण्यास तयार असल्याचे बोलते, यावर आक्षेप घेणाऱ्यांनी मूळ संहिता उघडून पाहावी. हात पुढे आहे. पाय ठेवला असे तेथे एक अक्षरही नाही. तिचे बोलणे संपताच नवरा तिला वर, आपल्याजवळ बोलावतो. हार घातला की पत्करली, हे त्या दोघांस विचारावे.